ओकुदाकाकांचं कोपर

सात कप कॉफी ट्रेशिवाय, एका खेपेत आणि एकही थेंब न सांडता आणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. सिंगापूरला, चोआ चू कांगमध्ये, आमच्या ब्लॉकपासून दोन मिनिटांवर हॉकर सेंटर आहे, म्हणजे एका छपराखाली खाण्यापिण्याच्या गाड्या. रविवारी सायकली भिंतीला टेकवून आम्ही घामाघूम मंडळी खुर्च्यांवर कोसळायचो, आणि कुणी पैशाचं पाकीट शोधायच्या आत ओकुदाकाका काउंटरवर पोचलेले असायचे. एका हाताच्या बोटांत चार कपांचे कान, दुसऱ्या हातात तीन. कुणाला साखर नको, कुणाला दूध नको, कुणाला बर्फ हवा, सगळं तोंडपाठ. सगळ्यांपुढे कप ठेवून झाले की ते उभेच राहायचे. सगळ्यांनी पहिला घोट घेतल्याचं पाहिलं की मग बसायचे आणि आपला कप ओढून घ्यायचे. "अहो काका, बसा ना, निवतेय तुमची," असं मी पहिली दोन वर्षं सांगून पाहिलं. मग नाद सोडला.

ओकुदाकाका आमच्याच मजल्यावर, कॉरिडॉरच्या त्या टोकाच्या फ्लॅटमध्ये राहायचे. पासष्टी उलटलेली, अंगावर चरबीचा कण नाही, आणि चालणं मात्र जरा बदकासारखं. 'सायकलवरून उतरलेला माणूस असाच चालतो,' असं तेच सांगायचे. तरुणपणी ते युरोपात पगारी सायकलस्वार होते. तिकडच्या मोठ्या संघात नोकरीवर लागलेला त्यांच्या देशातला, म्हणजे जपानचा, हा पहिलाच माणूस म्हणे. आता हे 'म्हणे' अशासाठी की, त्यांच्या तोंडून आम्हाला ते जन्मात कळलं नसतं. माझ्या लेकीने, सईने, एकदा त्यांचं नाव फोनवर शोधलं आणि इथल्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडत स्वयंपाकघरात आली. "मम्मी! अंकल इज फेमस, लेह!" फोटोत चिखलाने माखलेला एक पोरगेला चेहरा होता, आणि जर्सीच्या पाठीत पाण्याच्या बाटल्या इतक्या कोंबलेल्या की पाठीला कुबड आल्यासारखं दिसत होतं.

ओळख झाली ती माझ्या सायकलच्या गंजामुळे. डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितल्यावर मी हौसेने सायकल घेतली, तीन रविवार चालवली आणि दारासमोर उभी करून ठेवली. पुढे तिच्यावर आमचे टॉवेल वाळायला लागले. एका शनिवारी सकाळी दार उघडते तो हे गृहस्थ समोर उकिडवे बसलेले, हातात दात घासायचा जुना ब्रश.

"माफ करा," ते उठून वाकून म्हणाले, "तुमची साखळी रडते. रोज जाता-येता ऐकतो. आज राहवलं नाही."

उभ्या सायकलची साखळी कशी रडेल, हे माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. पण माणूस इतक्या काकुळतीने बोलत होता की मी गिळून टाकलं. त्यांचं इंग्रजी मोजकं, एकेक शब्द पारखून घेतलेला. मी इथे मराठीत सांगतेय खरी, पण त्यातला तो आब काही मला आणता यायचा नाही. मग मी माझा पुणेरी झेंडा फडकवलाच. म्हटलं, मी पुण्याची आहे, शाळेपासून इंजिनिअरिंगपर्यंत सायकलवर गेलेली आहे, सायकल मला नवीन नाही.

"हो का?" ते खूश होऊन म्हणाले. "मग उद्या सहा वाजता खाली या."

गेले. दहाव्या मिनिटाला माझा पुणेरी अभिमान रस्त्याच्या कडेला बसून धापा टाकत होता. ओकुदाकाका शेजारी उभे राहून माझ्यापुढे पाण्याची बाटली धरून होते.

हळूहळू आमची एक रविवारची टोळी जमली. मी, पाया लेबारला माझ्याच ऑफिसात काम करणारे देशमुख, ज्यांच्या सायकलपेक्षा सायकलवरची यंत्रं जड होती, विद्यापीठात संशोधन करणारी अनघा, आणि अधूनमधून येणारे-जाणारे. 'काका' मीच म्हणायला लागले. त्याचा अर्थ विचारून घेतल्यावर त्यांनी दोन दिवस विचार केला आणि लिफ्टमध्ये मला म्हणाले, "वडिलांचा धाकटा भाऊ. ठीक आहे. मी धाकटाच आहे."

टोळीने जायची एक रीत असते, ती त्यांनी आम्हाला शिकवली. सगळ्यांत पुढचा वारा अंगावर घेतो. मागच्यांनी त्याच्या चाकाला चाक लावून आडोशाने यायचं. पुढचा दमला की जरा बाजूला सरकतो आणि कोपर किंचित बाहेर झटकतो. म्हणजे, आता तू पुढे ये. बोलायचं नाही, मागे वळून बघायचं नाही. नुसतं कोपर. आम्ही ही विद्या फारच चटकन उचलली. देशमुख तर पुढे गेले की तीस सेकंदांत त्यांचं कोपर कोंबडीच्या पंखासारखं फडफडायला लागायचं.

ओकुदाकाकांचं कोपर मात्र हललेलं आम्ही कधी पाहिलं नाही. लिम चू कांगच्या त्या सरळ, मोकळ्या रस्त्यावर समोरून वारा येतो, शेवाळी वासाचा, दमट. त्या वाऱ्यात हा माणूस तासन् तास पुढे. पाठ अशी की तिच्यावर पाट ठेवून जेवायला बसावं. एकदा अनघाने विचारलं, "काका, आम्हाला का नाही बोलावत पुढे?"

"तुम्हाला उद्या ऑफिस आहे," ते म्हणाले.

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले ते डबा परत द्यायला. मला डेंग्यू झाला होता. मंदार, म्हणजे माझा नवरा, कामासाठी बाहेरगावी, सईची परीक्षा, आणि मला अन्नाचा वास सहन होईना. दुपारी दाराच्या लोखंडी जाळीला कुणीतरी डबा अडकवून गेलं होतं. उघडला तर आत पेज! आपली भाताची पेज, मऊसूत, वर एक खारवलेलं आंबट फळ. नऊ दिवस रोज तो डबा येत होता. बरी झाल्यावर गेले तर म्हणाले, युरोपात गेले तेव्हा बॅगेत कपडे कमी आणि भात शिजवायचं भांडं जास्त होतं. संघातले उंचेपुरे गडी त्या भांड्याला हसायचे. पुढे शर्यतीत एकेकाचं पोट बिघडायला लागलं, आणि पहाटे काकांच्या खोलीच्या दारात वाट्या घेऊन रांग लागायला लागली. हे सांगताना ते इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं.

भिंतीवर त्यांच्या बायकोचा फोटो होता. ती इथलीच. तिच्या आईच्या दुखण्यात दोघं सिंगापूरला आली, आई गेली, काही वर्षांनी बायकोही गेली, आणि काका राहिले. घरात एक चषक नाही, पदक नाही. चपलांच्या कपाटावर खिळ्याला एक सायकलचं चाक तेवढं टांगलेलं. जुनं, आणि टायर बसलेलं. दुसऱ्याच्या साखळीवरचा गंज ज्याला बघवत नाही, त्याच्या स्वतःच्या घरात पंक्चर झालेलं चाक! मला विचारायचं होतं, पण धीर झाला नाही.

आता माझी चूक सांगते. लपवून काय उपयोग, शंभर माणसांसमोर झाली.

त्या वर्षी आमच्या मराठी मंडळींच्या गणपतीत काकांचा सत्कार करायचं ठरलं. ठरवलं मीच. परिचय लिहिला मीच, आणि लिहिताना माझी लेखणी सुटली. आपल्याला सवयच आहे हो, माणूस चांगला म्हटलं की त्याला लगेच पहिला नंबर देऊन मोकळं व्हायचं. मी लिहिलं, 'युरोपातल्या शर्यती जिंकणारे जपानचे पहिले वीर.' देशमुखांनी तो परिचय माइकवर असा वाचला की जणू गड सर झाला. टाळ्या पडल्या, शाल आली, श्रीफळ आलं. मग काकांनी माइक मागितला.

"फार आभार," ते म्हणाले. "एक छोटी दुरुस्ती. मी एकही शर्यत जिंकलो नाही. अकरा वर्षांत एकही नाही. माझं काम पाणी आणणं होतं."

मला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. त्यांना मात्र काहीच वाटलेलं दिसलं नाही. ते खाली उतरले, शाल घडी करून खुर्चीवर ठेवली, नारळ तिच्यावर ठेवला, आणि जेवणाच्या टेबलापाशी जाऊन पाण्याचा जग उचलला. मग शेवटपर्यंत जग खाली ठेवला नाही. उत्सवमूर्ती सगळ्यांना पाणी वाढतेय आणि आमची पोरं "थँक्यू, अंकल" म्हणत पेले पुढे करतायत!

माझ्या सासूबाई तेव्हा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या. ऐंशीच्या. त्यांनी मला जवळ बोलावलं. "वृषाली, तो मुलगा जेवला का गं? मघापासून बघतेय, सगळ्यांना वाढतोय. त्याला कुणी विचारलंत का?"

मुलगा! पण खरंच कुणी विचारलं नव्हतं. सासूबाईंनी स्वतः ताट वाढून घेतलं, त्यांच्या हातातला जग काढून घेतला आणि दंडाला धरून शेजारी बसवलं. काका लहान मुलासारखे जेवले. मोदक कसा खायचा ते त्यांना कळेना, तर सासूबाईंनी फोडून वर तूप घातलं.

दुसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, चल, त्याच्या घरी जाऊ. मी दोन वर्षांत जे विचारू शकले नाही ते त्यांनी दारातच विचारलं. "हे फुटकं चाक का रे टांगलंयस?" मी दुभाष्या.

काकांनी आम्हाला बसवलं, चहा दिला, आणि सांगितलं.

युरोपात तीन आठवडे चालणारी मोठी शर्यत असते. रोज नवा रस्ता, रोज नवं गाव. तीत उतरायला मिळावं म्हणून ते सात वर्षं तिकडे राहिले. अखेर घेतलं. काम ठरलेलं होतं. संघातला एक गडी जिंकण्यासाठी, बाकीच्यांनी त्याच्यासाठी वारा अडवायचा, मागे गाडीपर्यंत जाऊन पाणी आणायचं, आणि त्याचं चाक बसलं तर आपलं काढून द्यायचं. अठराव्या दिवशी डोंगरातल्या उतारावर त्या पुढच्या, जिंकायच्या गड्याचं चाक बसलं. जवळ काका होते. त्यांनी आपलं चाक काढून त्याला दिलं, तो गेला, आणि हे त्याचं बसलेलं चाक हातात घेऊन रस्त्याच्या कडेला उभे राहिले. संघाची गाडी मागे कुठेतरी अडकली होती. त्या शर्यतीत रोजची वेळेची मर्यादा असते. तिच्या आत पोचलं नाही तर एक माणूस येऊन पाठीवरचा नंबर काढून घेतो. काका पाऊण मिनिट उशिरा पोचले. नंबर गेला. आणखी तीन दिवस काढले असते तर शर्यत पुरी करणारा त्यांच्या देशातला पहिला माणूस म्हणून त्यांचं नाव लागलं असतं. ते लागलं नाही. पुढच्या वर्षी संघाने त्या शर्यतीसाठी घेतलं नाही, नंतरही कधी नाही. आणि त्यांच्या गावच्या पेपरात बातमी आली ती एवढीच, की ओकुदा बाद.

"आणि तो पुढचा?" सासूबाईंनी विचारलं. "तो थांबला नाही?"

"नाही. थांबायचं नसतं. मीच ओरडून सांगितलं, जा. तशी रीत आहे."

"कसली मेली रीत!" सासूबाई म्हणाल्या. याचं मी भाषांतर केलं नाही, पण काकांना कळलं असावं, कारण ते हसले.

मग त्यांनी आणखी एक सांगितलं. दरवर्षी जुलैत, त्या अठराव्या दिवसाच्या तारखेला ते एकटेच सायकलने अख्ख्या बेटाची फेरी मारतात. आमच्या ब्लॉकखालच्या दिव्याच्या खांबाला हात लावून निघायचं आणि संध्याकाळी त्याच खांबाला येऊन हात लावायचा. सव्वाशे किलोमीटर. बायको होती तेव्हा ती खांबापाशी टॉवेल घेऊन उभी असायची. "त्या दिवशी एकदा तरी शेवटपर्यंत पोचायचं," ते म्हणाले. "दरवर्षी पोचतो." आणि भिंतीवरच्या चाकाकडे पाहिलं.

गेल्या वर्षी पहिल्यांदा कॉफी सांडली. साधीच गोष्ट, पण आम्हा सगळ्यांच्या मनात राहिली. नंतर ते लिफ्टमध्ये माझ्याकडे न बघता, माझ्या कानाच्या पलीकडे बघत बोलायला लागले, तेव्हा मी त्यांना धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग निकामी होत चालला होता. कडेचं दिसायचं, नेमकं समोरचं दिसायचं नाही. माणसाचा चेहरा बघायचा तर त्याच्यावरून नजर काढून घ्यायची. "चमत्कारिक आहे," ते म्हणाले. "ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं होतं." डॉक्टरांनी सायकल बंद करा म्हणून सांगितलं. जपानला त्यांची बहीण आहे, ती बोलवत होती. त्यांनी जायचं ठरवलं. फक्त म्हणाले, जुलै होऊ दे.

मंदार म्हणाला, "वेड लागलंय का तुम्हा लोकांना? आंधळ्या माणसाला सायकलवर घालून बेटभर फिरवणार?" त्याचं चुकत नव्हतं. देशमुखांनी दोघांची सायकल आणू म्हणून सुचवलं, पुढे एक, मागे एक. काका म्हणाले, "त्यावर मी सामान." विषय संपला. शेवटी ठरलं की हमरस्ते टाळून शक्य तितकं सायकलींच्या वाटेनेच जायचं, देशमुख पुढे, अनघा सगळ्यांत मागे, आणि काकांनी एका चाकाच्या मागे चाक लावून यायचं. दिसलं नाही तरी ऐकू येतं, ते म्हणाले. मागे यायचं मात्र हळू, बेताच्या, धक्के न देणाऱ्या सायकलच्या.

"म्हणजे वृषाली-सानच्या," ते म्हणाले. कौतुक की टोमणा, अजून मला कळलेलं नाही.

सईने नाच सोडल्याला दोन वर्षं झाली होती. तिने आपणहून बुटांच्या खोक्यातून घुंगरं काढली आणि माझ्या सीटखाली बांधली. "अंकल कॅन हिअर, व्हॉट." पोरीच्या मनात काय असतं, आपल्याला कळत नाही.

तर त्या वर्षी ती तारीख रविवारीच आली, आणि फटफटताना आम्ही खांबाला हात लावून निघालो. देशमुखांच्या मागे मी, माझ्या मागे ओकुदाकाका, आणि घुंगरं छुम छुम. क्रांजीपर्यंत मला स्वतःलाच बैलगाडीत बसल्यासारखं वाटत होतं. वाटेतली लोकं वळून बघायची, कुत्री भुंकायची. माझे खांदे भीतीने कानापर्यंत आले होते. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्याचा वारा अडवला तो माझ्या मागे, माझ्या भरवशावर! मी दर दोन मिनिटांनी ओरडायची, "काका, आहात ना?" मागून उत्तर यायचं, "आहे. बघू नका. चालवा."

चांगीला नारळपाणी झालं, समुद्राकाठी भात झाला. दुपार कडक होती. शहर ओलांडून बुकित तिमाहच्या बाजूला लागलो, घर पंधरा किलोमीटरवर राहिलं, आणि माझं पुढचं चाक फुस्स झालं. मी उतरले. वळून बघते तर काका आधीच उतरलेले, सायकल उलटी, आणि बोटांनी चाचपडत त्यांनी आपलं पुढचं चाक काढलेलंसुद्धा. मला काही सुचायच्या आत चाक माझ्यापुढे धरलं.

"जा!" ते ओरडले. त्यांना ओरडताना मी प्रथमच ऐकलं. "जा, जा!"

"अहो, जा काय? कुठे जाऊ?"

"जा! वेळ जातो आहे!"

त्यांची नजर माझ्यावरून काढून बाजूला लावलेली, म्हणजे ते माझ्याकडेच बघत होते. मी म्हटलं, "काका, फेरी तुमची आहे. मी एकटी पुढे जाऊन काय करू? घुंगरं वाजवू?"

तरी चाक खाली येईना. आणि मग आमच्या मंडळींनी ते केलं जे कुठल्याही शर्यतीत, कुठल्याही देशात, कुणी केलं नसेल. देशमुख परत फिरले आणि गवतावर मांडी घालून बसले. "पंधरा मिनिटं लागतील हं, जास्तच," असं म्हणत त्यांनी ट्यूब काढली. अनघाने सायकल झाडाला लावली आणि पिशवीतून डबा काढला. तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लसणीची चटणी. भर दुपारी, सिंगापूरच्या उन्हात, रस्त्याच्या कडेला आमचा संसार मांडला गेला. सायकलवाले एकामागून एक निघून जात होते आणि आमच्याकडे बघत होते.

काका चाक धरून उभेच होते. "वेळ," ते पुन्हा म्हणाले, पण आता हळू.

मी जाऊन त्यांच्या हातातलं चाक घेतलं आणि म्हटलं, "काका, आज घड्याळ घेऊन कुणी उभं नाही. तुमच्याशिवाय आम्ही इथून हलत नाही. बसा." आणि माझी बाटली त्यांच्या हातात दिली. "आधी तुम्ही प्या."

त्यांनी बाटली हातात धरली. आम्ही तिघंही बघत होतो. चार वर्षांत आमच्या आधी काही प्यायला नव्हता हा माणूस. मग ते हळूच खाली बसले, गवतावर, आणि प्यायले. बराच वेळ प्यायले. पुरी खाता खाता म्हणाले, "त्या डोंगरावर तेवीस माणसं माझ्या समोरून गेली. मी मोजली. बरोबरच होतं त्यांचं." थोड्या वेळाने म्हणाले, "पण इतकं कठीण नव्हतं थांबणं, नाही का?" मला रडू आलं. मी सरळ रडले, लपवायचं काय त्यात. देशमुखांची ट्यूब दोनदा चुकली ती काही अंगठ्याला तेल लागल्यामुळे नाही.

साडेपाचला आम्ही ब्लॉकखाली पोचलो. खांबापाशी सई उभी होती, टॉवेल घेऊन. तिला कुणी सांगितलं नव्हतं. काकांनी हात पुढे करून खांब शोधला, त्याला तळवा टेकवला, आणि तसेच उभे राहिले.

ऑगस्टमध्ये मी त्यांना चांगीला सोडायला गेले. जायच्या आधी ते भिंतीवरचं चाक माझ्याकडे देऊन गेले होते. टायर दुरुस्त केलेला, हवा भरलेली. ते त्यांनी कधी केलं, कुणाला माहीत. विमानतळावर त्यांनी माझं कोपर धरलं होतं. न दिसणाऱ्या माणसाला असंच न्यायचं असतं, दंडाला धरून ओढायचं नसतं, हे मी शिकले होते. सासूबाईंना फोन लावून दिला, त्यांनी "पोचलास की कळव रे" म्हणून सांगितलं, मी भाषांतर केलं, काकांनी फोनपुढे वाकून नमस्कार केला. रांगेच्या तोंडाशी विमान कंपनीची मुलगी आली. मी त्यांचा हात माझ्या कोपरावरून काढून तिच्या कोपरावर ठेवला.

ते निघाले. बदकासारखं चालत, पाठ ताठ. मला माहीत होतं, मागे वळून बघणार नाहीत. त्यांच्यात बघत नाहीत. दरवाजापर्यंत गेले, आणि तिथे जरासे बाजूला सरकले. मग त्यांचं मोकळं, उजवं कोपर किंचित बाहेर झटकलं गेलं. एकदा. आणि पुन्हा एकदा, मला दिसलं नसेल म्हणून.

"हो काका," मी तिथूनच मराठीत म्हटलं, "आले."